रूपसिंगचं माप

पुसेगावच्या ग्यानबाला हिंगोलीच्या रूपसिंग मास्तरावर सूड उगवायचा होता. माणसं राग धरतात, चार दिवस धुसफुसतात आणि पेरणीची घाई सुरू झाली की विसरून जातात. ग्यानबाचं तसं नव्हतं. १९३३च्या जानेवारीत धरलेला राग त्यानं इतक्या नेमानं सांभाळला, की तेवढ्या नेमानं गावात कुणी दुभती म्हैससुद्धा सांभाळली नसेल. रोज वैरण, रोज पाणी, आणि मधूनमधून अंगावरून हात.

तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि हिंगोलीच्या शाळेत शेवटच्या वर्गात शिकत होता. बाप लहानपणीच गेलेला. आई पार्वतीबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. गुरुवारी शाळा सुटली, की निजामी अमलातल्या शुक्रवारच्या सुट्टीसाठी हा गडी धोतराचा काचा मारून हिंगोलीहून पुसेगावला पळत निघायचा आणि दिवे लागायच्या आत घरी पोचायचा. त्याला शर्यत म्हणतात हे त्याला शाळेच्या मैदानावर उतरल्यावर कळलं. उडी तो ओढ्यांवरून शिकला आणि गोळा उचलायचं बळ गावच्या तालमीत आलं. त्या तालमीची एक रीत होती. मातीत उतरताना आणि मातीतून निघताना मारुतीकडं तोंड करायचं, वाकायचं आणि चिमूटभर माती कपाळाला लावायची. ही रीत लहानपणापासून त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की ती आपण करतो हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

हिंगोलीत पूर्वी इंग्रजी छावणी होती. गोरे साहेब गेले, कवायतीचं मैदान मागं राहिलं. त्या मैदानावर दर जानेवारीत खुले सामने भरायचे. शंभर यार्ड, मैलभर धाव, उंच उडी, गोळाफेक आणि लांब उडी, असे पाच खेळ. पाचांत मिळून ज्याचे गुण जास्त तो सरस खेळाडू. त्या साली सरस ठरेल त्याला हैदराबादच्या कॉलेजात शिकायला वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती मिळणार होती, खाण्यापिण्यासकट. खुरपणाऱ्या बाईच्या पोराला कॉलेजात जायची दुसरी वाट नव्हती.

चार खेळ झाले तेव्हा ग्यानबा पहिला होता आणि उत्तमसिंग नावाचा मुलगा दुसरा. लांब उडी राहिली होती. तिथं पंच होता रूपसिंग, शाळेचा ड्रिल मास्तर. त्याचा आजा छावणीबरोबर उत्तरेतून आलेला शिपाई. नातवाच्या चालण्यात अजून ती कवायत होती. पिळदार मिशी, गळ्यात शिट्टी आणि तोंडाला कुलूप. निकाल एकदा सांगायचा, फार तर नियम ऐकवायचा, त्यावर विचारलं तर समोरच्याकडं नुसतं बघायचा. उत्तमसिंग त्याच्या मेव्हण्याचा मुलगा होता. हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं.

ग्यानबाच्या पहिल्या दोन उड्या फळीवर पाऊल नीट न बसल्यानं तोकड्या पडल्या. तिसरी मात्र अशी पडली, की बघणाऱ्यांनी पागोटी उडवली. टाचा रुतल्या त्या एकोणीस फुटांच्याही पुढं. ग्यानबाला आनंद झाला आणि आनंदात माणूस शाळेत शिकलेलं विसरतो, घरी शिकलेलं करतो. मैदानाच्या कडेला, धाव जिथून सुरू होते तिकडं, शेंदूर फासलेला मारुती होता. ग्यानबा खड्ड्यातच वळला, मारुतीकडं तोंड करून वाकला, हात टेकवून माती घेतली आणि कपाळाला लावली. हात टेकला तो टाचांच्या खुणेच्या पावणेदोन फूट मागं.

रूपसिंग टेप घेऊन आला. टाचांकडं त्यानं पाहिलं आणि टेपचं टोक ठेवलं ते हाताच्या खुणेवर.

"सतरा फूट दहा," तो म्हणाला.

"मास्तर, टाचा तर पुढं हायेत," ग्यानबा म्हणाला. "हात म्या मागून टेकवला, मातीच्या पाया पडाया."

"खड्ड्यात अंगाची जी खूण फळीच्या जवळ, तिथून माप. सतरा फूट दहा."

उत्तमसिंगची उडी साडेअठरा होती. गुणांची बेरीज झाली, वजिफा उत्तमसिंगला गेला. त्याला हैदराबादची हवा मानवली नाही म्हणून चार महिन्यांत तो बिस्तरा गुंडाळून परत आला आणि वजिफा फुकट गेला. ग्यानबाला यातलं सगळ्यांत जास्त काय झोंबलं असेल तर हे.

घरी पार्वतीबाईनं विचारलं, "काहून हारला रे लेकरा?"

"माती कपाळाला लावली म्हणून."

"मंग त्यात वाईट काय झालं?"

कुणीतरी मुद्दाम वाईट केलं असेल, एवढंच त्याला सुचलं, आणि कुणी हे शोधायला लांब जायची गरज नव्हती. त्या दिवसापासून रूपसिंग हा त्याच्या आयुष्याचा उद्योग झाला.

त्यानं हैदराबादला जाऊन पोलिसात नाव घातलं. वजिफ्यावर जायचं त्या शहरात तो बंदूक खांद्यावर टाकून गेला. तिथं साहेबांनी त्याला मैदानावर पळताना पाहिलं आणि पुढची पाच वर्षं संस्थानात पाच खेळांत मिळून त्याच्या पुढं कुणी गेला नाही. उडी बावीस फुटांवर गेली. लोकांना वाटे, हा गडी पदकासाठी झटतो, साहेबाच्या शाबासकीसाठी झटतो. तो झटत होता रूपसिंगसाठी. दर साली उर्दू वर्तमानपत्रात त्याचं नाव छापून आलं, की तो ते कात्रण पाकिटात घालून 'रूपसिंग ड्रिल मास्तर, हिंगोली' या पत्त्यावर धाडायचा. सोबत चिठ्ठी नाही, खाली सही नाही. उत्तर एकदाही आलं नाही. मग तो पुढच्या वर्षी आणखी जोरात पळायचा.

एक्केचाळीस साली उंच उडीत त्याचा गुडघा गेला. पोलिसातला खेळ संपला. पण नाव मोठं झालं होतं. औरंगाबादेकडच्या एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनं त्याला बोलावून घेतलं आणि मुलांना तयार करायच्या कामावर नेमलं. जे कॉलेज शिकायला मिळालं नाही ते शिकवायला मिळालं. मुलं त्याला उस्ताद म्हणत.

उस्ताद म्हणून तो नामी होता, हे त्याच्या दुष्मनानंही कबूल केलं असतं. मुलाची चाल बघून तो सांगायचा, हा मैलाचा, हा उडीचा. पाचही खेळ ज्याच्या अंगात बसतील असं पोरगं मात्र त्याला मिळत नव्हतं. लांब उडीच्या खड्ड्यापाशी त्याचा पहिला धडा ठरलेला होता.

"उडी पडली की पुढं चालत निघायचं. देव आठवला तरी मागं वळायचं न्हाई. देवाला घरी जाऊन भेटा."

मुलं हसायची. तो हसत नसे.

प्रिन्सिपॉलनं त्याला नियमांचं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. शब्दाला शब्द लावत त्यानं लांब उडीचं पान वाचलं. फळीला जवळची जी खूण अंगाच्या कुठल्याही भागानं होईल तिथून माप, असं त्यात छापलेलंच होतं. ग्यानबानं ते पान दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग त्यानं स्वतःची समजूत काढली. हा नियम पडताना टेकलेल्या हाताचा, पाया पडताना टेकलेल्या हाताचा नव्हे. शिवाय नियम खरा असला म्हणून रूपसिंग खरा कसा होईल? मेव्हण्याच्या पोरासाठी त्यानं नियम आठवला, परक्यासाठी आठवला असता का? या प्रश्नावर ग्यानबाचा राग पुन्हा ताजा झाला आणि पुस्तक पेटीत गेलं.

पंचेचाळीसच्या जूनमध्ये नवीन मुलांच्या यादीत एक नाव होतं, अमरसिंग रूपसिंग, हिंगोली.

ग्यानबानं ते नाव दोनदा वाचलं आणि मैदानावर जाऊन त्या मुलाला पळायला लावलं. पोरगं शंभर यार्ड पळालं, उडी मारली, गोळा टाकला. ग्यानबाच्या तोंडचं पाणी पळालं. तीन वर्षं ज्याला शोधत होता तो हाच, आणि तो त्या माणसाचा मुलगा.

पहिला विचार सरळ होता, की याला मैदानावर पाय ठेवू द्यायचा नाही. बाप तिकडं तळमळेल. पण दुसरा विचार आला तो पहिल्यापेक्षा काळा होता, आणि ग्यानबाला तोच आवडला. रूपसिंगची बायको मुलगा चार वर्षांचा असताना वारली होती. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. स्वतः भाकरी थापून या पोराला वाढवलं. त्याच्या जन्मात दुसरं काही नव्हतं. तेव्हा याला संस्थानातला पहिल्या नंबरचा खेळाडू करायचा, असा की त्याला बापापेक्षा उस्ताद मोठा वाटेल, आणि मग बापानं काय केलं ते त्याच्या कानात घालायचं. वजिफ्याच्या बदल्यात मुलगा. ग्यानबाला हा हिशेब रास्त वाटला.

त्यानं पोरावर जीव ओतला, यात खोट नव्हती. पहाटे उठवून ओढ्याच्या वाळूत पळवलं, आपल्या ताटातलं दूध त्याला पाजलं, ताप आला तेव्हा उशाशी बसला. अमरसिंगही मन लावून शिकणारा होता. एकदा सुट्टीहून आल्यावर तो म्हणाला, "उस्ताद, बाबूजींना म्या तुमचं नाव सांगितलं. ते म्हणले, हात टेकवला नसता तर त्या दिशी एकोणीस फूट सात इंच झाली असती. आन् तुमची कात्रणं त्यांच्या पेटीत हायेत, सालावार लावून."

ग्यानबाची कानशिलं तापली. इंचासकट ध्यानात ठेवलंय म्हणजे टाचांचंही माप बघितलं होतं मेल्यानं. आणि कात्रणं जपतो, म्हणजे वर मजा बघत बसला होता. रागाला खायला घालायचं ठरवलं की काहीही चालतं. त्याच संध्याकाळी त्यानं अमरसिंगला वजिफ्याची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, फक्त नियमाच्या पुस्तकातलं पान वगळलं. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्यानंतरच्या दोन सुट्ट्यांत तो घरी गेला नाही.

कॉलेजचं मैदान राखणारे खाजा मिया हे सगळं बघत होते. म्हातारा माणूस, रोज खड्ड्यातली वाळू चाळून ठेवायचा. एकदा तो म्हणाला, "उस्ताद, उसके बाप से झगडा है तो बाप से लडो. बच्चा है वो, लाठी नै."

"खाजा मिया, तुमी वाळू बघा," ग्यानबा म्हणाला.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत कॉलेजचा संघ हिंगोलीच्या खुल्या सामन्यांना गेला. तो ग्यानबानंच न्यायला लावला. सरस खेळाडूला मुंबईच्या मोठ्या सामन्यांना धाडणार होते. ग्यानबानं सामन्यांच्या कमिटीला आधी पत्र लिहिलं होतं, लांब उडीला पंच म्हणून रूपसिंग मास्तरांसारखा जुना जाणता माणूसच असावा, मुलगा भाग घेतोय म्हणून त्यांना बाजूला ठेवू नये, आमच्या कॉलेजची हरकत नाही. वाचून कमिटीला गहिवर आला असेल. तो सापळा होता. बाप पोटच्या पोराला इंचभर तरी झुकतं माप देणारच, आणि दिलं की ग्यानबा पुस्तक हातात घेऊन सामन्यांना येणाऱ्या तालुकदार साहेबांच्या समोर उभा राहणार. साऱ्या हिंगोलीदेखत त्या मिशीला खाली बघायला लावायचं, एवढ्यासाठी तो चौदा वर्षं जगला होता.

चार खेळ झाले. अमरसिंग आणि नांदेडचा एक पोलीस जवान अगदी बरोबरीनं चालले होते. लांब उडीत जवानानं एकवीस फूट दोन इंच मारली. अमरसिंगच्या दोन उड्या त्याच्या आतच राहिल्या. तिसऱ्या उडीला तो धावला तेव्हाच ग्यानबाला कळलं, की ही बसली. पोरगं हवेतच राहिलं असं वाटलं. पडलं ते बावीस फुटांच्या पुढं, आणि उस्तादानं शिकवल्याबरहुकूम पुढं चालत बाहेर निघालं. मैदान ओरडत होतं.

रूपसिंगनं लाल झेंडी वर केली.

ग्यानबाला आधी समजलंच नाही. झुकतं माप पकडायला तो आला होता, आणि बापानं मापच घेतलं नव्हतं, उडी बाद केली होती. तो लंगडत फळीपाशी गेला. फळीच्या पुढं चाळलेली ओली माती पसरलेली असते, पाऊल पुढं गेलं तर उमटावं म्हणून. ग्यानबा वाकला. त्या मातीत अंगठ्याच्या टोकाची खूण होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. पण होती.

"बघा," रूपसिंग हळू आवाजात म्हणाला. "तुमाला नियम ठाऊक हाय."

ग्यानबानं पाहिलं. रूपसिंगनं झेंडी अजून खाली केली नव्हती. मुंबई पोराच्या हातातून जात होती आणि ती घालवणारा बाप होता, हे त्या माणसाला काय कळत नव्हतं? कळूनही त्यानं झेंडी वर केली होती. जो माणूस डाळीएवढ्या खुणेसाठी आपल्या लेकराला बाद करतो, तो मेव्हण्याच्या पोरासाठी कशाला लबाडी करील? ग्यानबाला तिथं, त्या फळीपाशी वाकलेला असताना, लख्ख कळलं की १९३३चं माप सरळ होतं.

तेवढ्यात अमरसिंग धावत आला. खड्डा सारखा करणाऱ्या गड्यानं तोवर फळीच्या पुढची माती फावड्यानं ओढून घेतली होती.

"उस्ताद, पाऊल गेलं होतं का माझं?"

हो म्हणायला एक क्षण लागला असता. रूपसिंग त्याच्याकडं बघत होता. ग्यानबाला वाटलं, चौदा वर्षांनी हा माणूस पहिल्यांदा आपल्याकडं काहीतरी मागतोय. आणि ते वाटताच जुना राग असा काही उसळला, की खरंखोटं सगळं त्याच्याखाली गेलं. सूड हातात आला होता. तो न्याय्य नव्हता, एवढंच.

"मला तर काही दिसलं न्हाई," ग्यानबा म्हणाला.

नियमापलीकडं निकालाचा खुलासा रूपसिंगनं जन्मात केला नव्हता. तो त्या दिवशीही त्याला जमला नाही.

अमरसिंग बापाकडं वळला. "उस्तादांचा वजिफा तुमी खाल्ला, बाबूजी. आता माझी मुंबई खाल्ली. तुमाला आपला माणूस पुढं गेलेला बघवत न्हाई आन् परकाही बघवत न्हाई." आवाज चढला नव्हता. पण मैदानावर सगळ्यांना ऐकू गेलं.

संध्याकाळी हिंगोली स्टेशनवर रूपसिंग आला होता. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. मुलगा पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. बाप डब्याबाहेर तसाच उभा राहिला, गाडी हलली तरी. ग्यानबाला हे सगळं बसल्या जागेवरून दिसत होतं. असंच व्हावं म्हणून त्यानं काय काय केलं होतं. आता आनंद होईल, मग होईल, अशी वाट बघत तो पूर्णेपर्यंत गेला. पूर्णेला गाडी बदलताना अमरसिंगनं त्याचीही वळकटी उचलली आणि म्हणाला, "आता तुमीच, उस्ताद." ग्यानबाला त्याच्याकडं बघवेना.

खरं सांगायला पुढं पावणेदोन वर्षं होती. त्यानं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे पोरगं जाणार, आणि पोरगं तर त्याला हवं होतं. शिवाय राग खोटा होता असं एकदा कबूल केलं, तर चौदा वर्षं कशात घातली याचा जाब स्वतःला द्यावा लागला असता. रूपसिंग खरा निघाला याचाच त्याला आता राग येऊ लागला. माणसानं दुष्मन म्हणून तरी धड असावं की नाही?

त्याच वर्षाच्या अखेरीला संस्थानात धुमश्चक्री माजली. मुलं कॉलेज सोडून गेली. अमरसिंग वाशीमवरून नागपूरला गेला आणि तिथंच शिकू लागला, मैदानावर पळू लागला. कॉलेज बंद पडलं तेव्हा ग्यानबा पुसेगावला आईजवळ येऊन राहिला. अमरसिंगचं टपाल कधी यायचं, कधी महिनोन्‌महिने अडकायचं. पण आलं तर ग्यानबाच्या नावानं. हिंगोलीला बापाला त्यानं एक ओळ लिहिली नाही. तो जिता आहे की नाही, हेही रूपसिंगला कळायला मार्ग नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामी संपली. दिवाळीनंतर एका दुपारी पार्वतीबाई अंगणात तूर निवडत होती. ती आत येऊन म्हणाली, "कोणी म्हातारा येऊन राहिला. पायी आलेला दिसतो."

ग्यानबा दारात आला. रूपसिंग होता. मिशीचा पीळ गेला होता. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. पार्वतीबाईनं त्याला पाणी दिलं. कोण आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि ग्यानबानंही सांगितलं नाही.

"पोराचं पत्र तुमाला येतं म्हणून ऐकलं," रूपसिंग म्हणाला.

"व्हय. येतं."

"बरा हाय?"

"बरा हाय. नागपुरात हाय. तिथं पहिला आला उडीत."

रूपसिंगनं डोळे मिटून घेतले. किती पडली, हे त्यानं विचारलं नाही. विचारायचं त्याच्या ओठावर आलेलं ग्यानबाला दिसलं. मग म्हाताऱ्यानं हात जोडले. ज्या हातांसाठी ग्यानबानं पंधरा वर्षं घालवली, ते हात त्याच्या अंगणात, त्याच्या आईसमोर जोडलेले होते.

"तुमी त्याला एक पत्र लिहा," रूपसिंग म्हणाला. "लिहा की बाप म्हणतो, माझी चूक झाली. तुमचं माप म्या मेव्हण्याच्या पोरासाठी खोटं धरलं. आन् त्याचंही पाऊल फळीवरच होतं. म्या जळून झेंडी उचलली. असं लिहा. मी खाली सही करतो."

हीच वाक्यं. पोलिसाच्या बराकीत, कॉलेजच्या खोलीत, शेकडो वेळा ग्यानबानं ही वाक्यं या माणसाच्या तोंडी घालून पाहिली होती. आता ती खरंच त्या तोंडातून आली होती आणि त्यातलं अक्षरही खरं नव्हतं.

"मास्तर, असं झालं न्हवतं," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय."

"मग काहून म्हणता?"

"खरं बोलून तो यायला तयार न्हाई. खोटं बोलून येत असंल तर येऊ द्या," रूपसिंग म्हणाला. "मला आता माप नको. पोरगं पाहिजे."

पार्वतीबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. तिला अर्धंच समजलं असेल, पण ती मुलाकडं बघत होती.

ग्यानबा आत गेला. दौत, टाक आणि कागद घेऊन आला आणि ओट्यावर बसून लिहू लागला. बराच वेळ लिहीत होता. रूपसिंग सही करायला पुढं सरकला, तेव्हा ग्यानबानं कागद त्याच्या हातात दिला नाही, वाचून दाखवला.

'चिरंजीव अमरसिंग यास. तुझे वडील आज पायी पुसेगावास आले होते. तू परत यावास म्हणून ते माझ्याकडून खोटं लिहून घेणार होते. मी ते लिहीत नाही. हिंगोलीस तुझा अंगठा फळीच्या पुढं गेला होता. मी वाकून पाहिला होता, आणि दिसलं नाही असं तुला सांगितलं. माझंही माप त्यांनी बरोबर घेतलं होतं. नियमाच्या पुस्तकात तसंच आहे, ते पान मी तुझ्यापासून लपवलं. मला तुझ्या बापावर सूड उगवायचा होता, म्हणून तुला शिकवलं. घरी जा.'

रूपसिंगनं कागदाकडं बोट केलं. मग म्हणाला, "सुडाचं तेवढं काढा. ते वाचून पोरगं तुमालाही सोडंल."

"व्हय. सोडंल," ग्यानबा म्हणाला आणि कागदाची घडी घातली.

पत्र त्यानं स्वतः सेनगावला जाऊन टपालात टाकलं. अमरसिंग डिसेंबरात हिंगोलीला घरी आला. बापलेक पुन्हा एका ताटात जेवू लागले असं ग्यानबाच्या कानावर आलं. रूपसिंगला ग्यानबानं माफ केलं का, असं पुढं कुणी विचारलं तर तो चिडायचा. माफ करण्यासारखं त्या माणसानं काही केलंच नव्हतं, आणि हेच त्याला शेवटपर्यंत पचलं नाही. पार्वतीबाई मात्र अधूनमधून विचारायची, तो उडी मारणारा पोरगा आता काहून पत्र लिहीत न्हाई. ग्यानबा म्हणायचा, त्याचं बराबर हाय.